विमानाच्या नाकाला शेक

माझी माय फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची. "समोरनीना पोऱ्या वेल्डर शे. एका शब्दमा सांगाई जास. तू काय शे, ते सांग ना एकदाव."

मला सांगता यायचं नाही. हैदराबादच्या विमानतळावर एका हँगरमध्ये मी कामाला आहे. सुरुवातीला विमानं धुवायचो, आता दुरुस्तीवाल्यांच्या हाताखाली असतो. मी इंजिनिअर नाही. मेकॅनिक म्हणावं तर हातात तसा कागद नाही, कारण नववीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कागदावर मी 'मदतनीस' आहे. पण 'मदतनीस' म्हटलं की गावात लोकांना वाटतं, हा चहा आणून देतो. चहाही आणतो मी, ते खोटं नाही. पण तेवढंच करत नाही.

मग एकदा तिला नीटच सांगायचं ठरवलं. पाचोऱ्यापासून थोडं आत आमचं गाव. ती ओट्यावर बसलेली असणार, मागे म्हैस ओरडत होती. मी हँगरच्या मागे पाण्याच्या टाकीच्या सावलीत. म्हटलं, माय, विमानाच्या नाकाजवळ बोटाएवढी एक नळी असते, पुढे तोंड करून. तिच्यात वारा शिरतो. वारा किती जोरात शिरतो त्यावरून पायलटला विमानाचा वेग कळतो. आता वर ढगात थंडी भयंकर. नळीत पाणी जाऊन गोठलं तर वारा अडतो, आणि पायलटला वेग खोटा दिसतो. म्हणून नळीच्या पोटात विजेची तार असते, ती नळी सतत तापती ठेवते. कधी तार बिघडते, कधी तिच्यापर्यंत वीज पोचत नाही. मग पायलटसमोर पिवळा दिवा लागतो आणि आम्हाला बोलावणं येतं.

तिनं म्हशीला गप्प केलं.

"म्हंजे काय करस तू?"

मी थकून म्हणालो, "इमानना नाकले शेक देस, माय."

"हां!" ती एकदम खूश झाली. "असं सांग ना मंग. सर्दी व्हस का त्याले?"

"वर लई थंडी ऱ्हास ना."

तेव्हापासून गावात माझं काम एका शब्दात सांगता यायला लागलं. आणि मायच्या डोक्यात ते पक्कं बसलं, कारण शेक हा तिचा प्रांत. आमच्या भाऊबंदांत कुठंही बाळंतीण असली की मायला बोलावणं. शेगडीत निखारे, वर ओवा, पलंगाखाली धूर, आणि हातात सुती फडकं. फडकं निखाऱ्यावर धरायचं, मग आधी स्वतःच्या गालाला लावायचं, आणि मगच बाळाच्या पोटाला. गालाला लावल्याशिवाय ती कधीच पुढे जायची नाही. तळहात कामानं निबर झालेला असतो, त्याला खरं कळत नाही, गालाला कळतं, असं तिचं म्हणणं.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी भित्रा माणूस आहे. गॅसचं बटण बंद केलं तरी जिन्यावरून परत येऊन पाहतो. शाळा सुटल्यावर धुळ्याच्या मामानं मला तिथल्याच एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात चिकटवलं. विहिरीतल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी यायच्या, त्यांची तांब्याची तार काढायची, नवी भरायची. तिथंही मी झाकण लावलेली मोटार पुन्हा उघडून पाहायचो आणि शिव्या खायचो. पुढं गावच्या एका मुलाबरोबर हैदराबादला आलो आणि हँगरमध्ये फडकं मारायला लागलो. एक दिवस आमच्या मॅडमनी मला पाहिलं. मी एका पॅनलचे स्क्रू घट्ट आहेत का ते पुन्हा पुन्हा बघत होतो. माझं ते कामही नव्हतं. मला वाटलं, आता गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "घाबरतोस का रे?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्याकडे ये."

मॅडम केरळच्या. लायसन्स असलेल्या इंजिनिअर. आमचं बोलणं हिंदीत चालतं, इथं मी मराठीत लिहितोय. मीटर कसा लावायचा, प्लगमधली पिन कशी बसवायची, पुस्तकातली पायरी कशी वाचायची, सगळं त्यांनी शिकवलं. इंग्रजी वाचताना मी अडखळलो की त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या, मला संकोच वाटू नये म्हणून. आज घरात जे काही आहे ते त्यांच्यामुळे आहे, हे मी बायकोला इतक्या वेळा सांगतो की ती म्हणते, एकदा त्यांचा फोटोच देव्हाऱ्यात ठेवा.

तर बायको. मागच्या वैशाखात तिला नववा सरत आला होता. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा माहेरी बाळंतपण करणारं कोणी नाही. माय येणार हे ठरलेलंच होतं. पण नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गव्हाचं खळं आणि म्हैस यांच्यापायी तिला निघू दिलं नाही, आणि दिलं तेव्हा सुट्यांमुळे रेल्वेचं रिझर्वेशन मिळेना. डॉक्टर म्हणाले, आता कधीही होईल. मी जळगाव ते हैदराबाद विमानाचं तिकीट काढलं आणि मायला फोन केला.

"इमानमा? मी?" ती म्हणाली. "नई रे भो."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी ती एका गोष्टीवर तयार झाली. "त्याले शेक तूच देस ना?"

"मी आणि मॅडम."

"मंग बसस मी."

त्या दिवशी मी तिला घ्यायला विमानतळावर जायची तयारी करत होतो. मॅडमचा फोन आला. जळगावला आमचं पंख्यांचं छोटं विमान अडकलंय, कॅप्टनच्या बाजूच्या नळीचा दिवा लागलाय, प्रवासी बसले होते ते उतरवलेत. नवी नळी घेऊन दुपारच्या दुसऱ्या विमानानं आपण दोघं जायचंय.

मी विचारलं, "मॅडम, जळगावहून कुठं जाणारं विमान?"

"इकडंच येणारं. का?"

म्हटलं, "त्यात माझी आई आहे."

मॅडम म्हणाल्या, "आता नाहीये. उतरवलंय तिला. चल."

वाटेत विमानात मी मांडीवर नळीचा खोका धरून बसलो होतो. इतरांची विमानं आम्ही रोज पाहतो. त्यात कोणी बसलेलं आहे हे माहीत असतं, पण कोण, ते माहीत नसतं. त्या दिवशी मला कोण ते माहीत होतं. तिनं कोणतं लुगडं नेसलं असेल तेही.

जळगावला दार उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा आत आली. आम्हाला सोडून ते विमान पुढं निघून गेलं. आम्ही आधी हॉलमध्ये गेलो, कारण मॅडमना तिथल्या साहेबांशी बोलायचं होतं. आत शिरलो तर खुर्च्यांवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मॅडमकडे नाही, माझ्याकडे.

पहिल्या रांगेत एक वयस्क मारवाडी शेठ बसले होते, पायाशी मिठाईचे पुडे. ते उठूनच उभे राहिले. "आले का शेकवाले भाऊ! या, या. सकाळपासून तुमचीच वाट आहे."

कोपऱ्यात माय बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. झालं होतं असं: विमान का थांबलं हे तिथल्या मुलीनं माइकवर सांगितलं, नळी तापत नाही म्हणून. ते ऐकून लोक घाबरले, ओरडायला लागले. तेव्हा माय उभी राहून म्हणाली होती, "घाबरू नका बठ्ठा. मना पोऱ्या शे ना त्या कामले. तो ई ऱ्हायना शेक देवाले."

एवढ्यावर थांबली असती तर बरं. पण उतरवलेलं सामान परत मिळालं, त्यात तिची लोखंडी शेगडी होती. ती तिनं बाहेर काढून पहारेकऱ्याकडे नेली होती. पोऱ्या येईपर्यंत तुम्हीच नळीखाली ठेवा, तेवढीच ऊब राहील, म्हणून. पहारेकऱ्यानं तिला हात जोडले. शेठजी मला हे सांगताना डोळे पुसत होते. हसून हसून.

"मातोश्रींना मी म्हटलं, कोळसे कुठे आहेत? तर म्हणाल्या, ते सकाळी याच लोकांनी काढून घेतले!"

ते खरं होतं. सकाळी तपासणीत तिच्या सामानातून कोळसे निघाले होते आणि हातातल्या पिशवीतून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. दोन्ही पेट घेणारं, म्हणून विमानात चालत नाही. "मनी सुननी खोबरं खावानंच नई का?" असं म्हणून तिनं तिथं बराच वेळ भांडण केलं होतं. अखेर ते सगळं बाहेर मामाच्या ताब्यात गेलं. मामा धुळ्याहून तिला पोचवायला गाडी घेऊन आला होता आणि गेटबाहेर निंबाखाली अजून बसून होता, मांडीवर खोबरं घेऊन.

मी मायच्या पाया पडलो. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "जेवना का तू?"

"जेवसू. तू घाबरनी का?"

"मी काय घाबरू? सून कोनजोडे शे?"

"शेजारनी मावशी शे तिनाजोडे."

"मंग लवकर कर भो. तठे तिना जीव टांगेल व्हई."

मी विमानाकडे गेलो. सांगायचं म्हणजे, मला ते काम लवकर संपायला हवं होतं. इतकं हवं होतं की स्क्रू काढताना हात घाईला आले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "इथं कोणाची आई नाही. फक्त नळी आहे." त्या बोलल्या हळूच. मी हो म्हटलं आणि पहिला स्क्रू परत नीट पकडला.

वीज बंद करून जुनी नळी काढली, नवी बसवली. मागची वाऱ्याची नळी जोडली, विजेचा प्लग जोडला, गळती नाही ना ते पाहिलं. मग मॅडम आत जाऊन बसल्या आणि मी नाकाजवळ शिडीवर. नळीवर वाहतुकीत धूळ जाऊ नये म्हणून लाल टोपी असते, ती काढली, कारण तापत्या नळीवर टोपी राहिली तर ती जळून चिकटते. मॅडमनी आतून बटण दाबलं. दिवा विझला. त्यांनी काचेतून अंगठा दाखवला.

मला इतका आनंद झाला की मी हॉलच्या काचेकडे वळून बघितलं. आत शेठजी उभे होते, त्यांनीही अंगठा दाखवला.

आता एक साधी पद्धत आहे आमची. नळीला हात लावायचा नाही, चामडी सोलून निघेल. पण हाताची मागची बाजू थोड्या अंतरावर धरायची. ऊब आली की ओरडायचं, 'आली', आणि आतला माणूस बटण बंद करतो. मी हात धरला. ऊब होती. मी तोंड उघडलं, पण ओरडलो नाही. कारण शेजारच्या पत्र्यालाही तीच ऊब होती. शिडीलाही होती. माझ्या सदऱ्याच्या बटणालाही होती. वैशाखातल्या दुपारी जळगावात जे काही धातूचं आहे ते सगळं तापलेलं असतं. ही ऊब तारेची की उन्हाची, ते माझ्या हाताला सांगता येत नव्हतं. मी दुसरा हात धरून पाहिला. तोच गोंधळ.

मॅडम खाली उतरल्या. मी म्हटलं, "मॅडम, गरम आहे. पण सगळंच गरम आहे."

त्या हसल्या. "म्हणून तर मीटर आणलाय."

त्यांनी वायरीवर मीटर अडकवला. आकडा आला, बरोबर आला, आणि मग जरासा खाली सरकला, परत वर आला. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मला आतल्या बाजूनं वायरीचा जुडगा धरायला सांगितला. "हलव. हळू."

मी हलवला. आतून कोपायलट ओरडला, "लाइट!"

दिवा लागला आणि विझला. परत हलवला, परत लागला. मला त्या दिव्याचा इतका राग आला, जणू तो मला बघूनच डोळा मिचकावत होता. बिघाड जुन्या नळीत नव्हताच, किंवा तिच्यात एकटीत नव्हता. प्लगमधली एक पिन सैल झाली होती. विमान उभं असताना वीज नळीपर्यंत पोचायची, हादरा बसला की तुटायची. उन्हात, उभ्या विमानात, सगळं ठीक दिसलं असतं. वर ढगात हादरे बसल्यावर ती नळी गार पडली असती. दिवा विझल्यावरही मॅडमनी मीटर लावून पाहिला म्हणून ते सापडलं.

नवी पिन बसवायला वेळ लागला. बोटं आत जात नाहीत अशा जागी ते काम असतं, एक जण आरसा धरतो, दुसरा बघून बसवतो. पिन मॅडमनी मला बसवायला दिली. "तुझा हात बारीक आहे," म्हणाल्या. बसवून झाल्यावर त्यांनी ओढून पाहिली, मग मला ओढायला लावली. मीटरचा आकडा आता हलत नव्हता. कितीही जुडगा हलवला तरी.

पण तोवर पायलटांच्या ड्यूटीची मर्यादा संपली होती. विमान आज जाणार नाही, उद्या सकाळी जाईल, असं माइकवर सांगितलं आणि हॉलमध्ये एकच गलका झाला. काही जण चिडून गाड्या करून निघून गेले. शेठजी मिठाईचे पुडे उचलत म्हणाले, "माझी नात उद्या भेटेल. आजच्या पेढ्यांचं मात्र काही खरं नाही." आणि एक पुडा त्यांनी सरळ मायच्या हातात दिला.

बाहेर मामा भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मायकडे वळला. "मी सांगी ऱ्हायंतू, रेल्वेमा जा. रेल्वेले नाकच नई, सर्दी कशी व्हई?"

"चूप बैस रे," माय म्हणाली. पण तिचा आवाज सकाळसारखा नव्हता. तिला विमानातून उतरवलं होतं, तिनं लोक ओरडताना पाहिले होते, आणि संध्याकाळपर्यंत मला शिडीवर उन्हात पाहिलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू सांग. बसू का मी सकायले?"

इतके दिवस मला असं कोणी विचारलेलं नव्हतं. विमान उडायला ठीक आहे असं लिहून सही करायची ती मॅडमनी. माझ्यावर काहीच नसतं, आणि मला ते बरं वाटतं. मला 'बस' म्हणता आलं असतं. पिन पक्की होती, मीटर बरोबर होता. पण जीभ रेटेना. माझ्या हाताला अजून कळलेलं नव्हतं.

"सकायले सांगसू," मी म्हणालो.

मामा म्हणाला, "याले विचारीसन काय फायदा? हा तर दाराले कुलूप लावीसन परत येस बघाले."

कंपनीनं गावात हॉटेलात सोय केली होती. मामानं कुठूनतरी शेवभाजी आणि भरीत आणलं, भाकरी मायजवळ होत्याच. मॅडमही आमच्याच खोलीत जेवल्या. भरताचा पहिला घास घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटानं. तरी त्यांनी परत वाढून घेतलं. मामा खोबऱ्याचं गाठोडं आमच्याकडे ठेवून धुळ्याला निघाला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "उगाच चिडवस मी. तू बस म्हनशी तर मी बी बसीन."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. पोटात दुखतंय थोडंसं, ती म्हणाली, पण हे रोजचंच असेल, तुम्ही घाबरू नका. तिनं 'घाबरू नका' म्हटलं की मी जास्त घाबरतो, हे तिलाही माहीत आहे. मायनं फोन घेतला आणि तिला कसं झोपायचं, काय खायचं नाही, ते सांगत राहिली. फोन ठेवल्यावर ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिला एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मी अडवून ठेवलं होतं.

मॅडम खांदा चोळत होत्या. आरसा वाकडा धरून त्यांचा हात भरून आला होता. मायचं लक्ष गेलं. तिला हिंदी येत नाही आणि मॅडमना मराठी नाही. तिनं मला सांगितलंही नाही. उठली, खोलीतल्या किटलीत पाणी उकळायला ठेवलं, टॉवेलाची घडी केली, किटलीच्या अंगाला धरली. मग घडी स्वतःच्या गालाला लावली, जरा हवेत झटकली, परत गालाला लावली आणि मॅडमच्या खांद्यावर ठेवली.

मॅडम डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "ही आधी गालाला का लावते?"

मी सांगितलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्या उजाडताना जाऊ. सूर्य यायच्या आत. पत्रा गार असेल, तेव्हा हात खोटं सांगणार नाही. मग मी सही करते." त्यांच्या मीटरनं त्यांना कळलेलं होतं. सकाळचा तो फेरा पुस्तकात नव्हता. तो त्या माझ्यासाठी घालत होत्या, हे मला समजलं.

सकाळी विमान दंवानं नाही, पण गारव्यानं भिजल्यासारखं उभं होतं. खानदेशात वैशाखातही पहाटेचा तेवढा एक वेळ गार असतो. मायला हॉलमध्ये बसवून मी शिडीवर चढलो. रात्रीपुरती लावलेली लाल टोपी काढली. पत्र्याला हात लावला, गार. नळीजवळ हात नेला, गार. मॅडम आत बसल्या. मी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं.

क्षणभर काही नाही. मग हाताच्या मागच्या बाजूला अगदी बारीक, एका बाजूनं, ऊब यायला लागली. शेजारी सगळं गार, आणि या एका बोटाएवढ्या जागेतून ती येत होती, वाढत होती. मी ओरडलो, "आली!" मॅडमनी बटण बंद केलं. मग वायर हलवून परत, मग अजून एकदा. दर वेळी आली.

मॅडमनी सही केली. मी टोपी खिशात ठेवली, शिडी बाजूला नेली आणि मायला सांगायला हॉलकडे निघालो. मनात वाक्य जुळवत होतो. पिन बदललीय, मीटर बरोबर आहे, मॅडमनी सही केलीय, अशी सगळी वाक्यं. दाराशी पोचलो तर ती आधीच रांगेत उभी होती, पिशवी खांद्याला लावून, शेठजींच्या पुढं.

"बस, माय," मी म्हणालो. सगळी वाक्यं विसरलो.

"बसस ना," ती म्हणाली. "चल."

शेठजींनी तिला खिडकीची जागा दिली. मी त्यांच्या मागच्या रांगेत, मॅडम माझ्या शेजारी. पंखे फिरायला लागले तेव्हा मायनं खुर्च्यांच्या फटीतून हात मागं काढला आणि माझा गुडघा धरला. विमान उचललं गेलं तेव्हा पकड घट्ट झाली. मग खाली केळीचे हिरवे चौकोन दिसायला लागले आणि ती सैल झाली.

मी पुढं वाकून विचारलं, "माय, मी काही सांगावना आधीच तू रांगमा कशी?"

"तुले काचमाईन बघी ऱ्हायंती ना मी," ती म्हणाली. "तू हात नळीजोडे धरा, आनि मंग गालले लावा. तव्हयच मी पिशवी उचली."

मला आठवत नव्हतं मी हात गालाला लावल्याचं. मॅडमकडे बघितलं. त्यांना शब्द कळले नव्हते, पण मायनं आपला हात गालाला लावून दाखवला तो त्यांनी पाहिला होता. त्यांनी मान हलवली. हो, लावलास.

पुढं ढग आले. विमान हादरायला लागलं. शेठजींनी खुर्चीचा दांडा पकडला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले. मायनं त्यांच्या हातावर थोपटलं.

"घाबरू नका भाऊ," ती म्हणाली. "आते चालू शे शेक."